बेळगावात बसून ऑनलाइन दुकान: जीएसटी, लायसन्स आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात माझं एक टेबल आहे. जीएसटी नंबर काढून देणं, रिटर्न भरणं, नोटिशीला उत्तर लिहिणं ही माझी कामं. पूर्वी समोर किराणावाले, भांडीवाले बसायचे. हल्ली मोबाईल पुढे करून "इन्स्टावर ऑर्डरी येतायत, आता काय करू?" असं विचारणारी माणसं जास्त. कुणी वडगावच्या साड्या विकतं, कुणी कुंदा, कुणी अथणीच्या चपला.

यातल्या बहुतेकांनी आधी मराठी व्हिडिओ पाहिलेले असतात. गोची तिथंच आहे. मराठीत मिळणारी माहिती महाराष्ट्राची असते, आपलं लायसन्स कर्नाटकाचं, आणि निम्मं गिऱ्हाईक कोल्हापूर-पुण्याचं. त्यामुळे पुण्याच्या माणसाला बरोबर असलेलं उत्तर आपल्याला चुकीचं ठरू शकतं. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत.

माझी वर्षाची विक्री चार-पाच लाखांची. ४० लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त माणसं फसतात तीही इथेच. फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हे खरं. १ एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा आहे आणि कर्नाटकातही तीच चालते. सेवा देणाऱ्याला ती २० लाख. (पानमसाला, तंबाखू आणि आइस्क्रीम बनवणाऱ्यांना ४० लाखांची सवलत नाही. निपाणीकरांनी हे लक्षात ठेवावं.)

पण ही सवलत राज्याच्या आत माल विकणाऱ्याला आहे. कर लागणारा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. जीएसटी कायद्याचं कलम २४ तसं सांगतं. पहिल्या पार्सलपासून.

पुण्यातल्या दुकानदाराला याचा फारसा जाच होत नाही. त्याचं गिऱ्हाईक मुंबईचं, नाशिकचं, नागपूरचं, म्हणजे सगळं राज्यातलंच. आपल्याकडे वेंगुर्ला रस्त्यानं बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. बेळगावहून बिदरला पाठवलेली साडी राज्यातली आणि चंदगडला पाठवलेली साडी परराज्यातली. मामाचं गाव, लेकीचं सासर, लग्नाची खरेदी यांत आपण सीमा मोजत नाही. बिल मोजतं.

तेव्हा ४० लाखांच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: माझी ऑर्डर महाराष्ट्रात किंवा गोव्यात जाणार आहे का? मराठीतून जाहिरात करणार असाल तर जाणारच. मग नंबर काढूनच सुरुवात करा. नंबर नसताना अशी विक्री सापडली तर दंड १०,००० रुपये किंवा बुडवलेला कर, यांपैकी जास्त असेल तो. शिवाय मूळ कर आणि त्यावर व्याज वेगळं.

पार्सल बांधताना पिनकोडकडे बघायची सवय लावा. ५६ ते ५९ नं सुरू होणारा पिन कर्नाटकाचा (आपले ५९० आणि ५९१). ४०३ गोवा, ४१६ म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडचा भाग. निपाणी ५९१ मध्ये येते आणि कागल ४१६ मध्ये. मधे फक्त कोगनोळीचा टोलनाका आहे.

मी तर फक्त व्हॉट्सॲपवर विकते. वेबसाइट नाही, काही नाही. तरी?

तरी. कायदा माल कुठून निघाला आणि कुठे पोचला हे बघतो. ऑर्डर व्हॉट्सॲपवर आली, फोनवर आली की बसमधल्या ओळखीतून आली, यानं फरक पडत नाही.

आणि चंदगडचं गिऱ्हाईक स्वतः दुकानात येऊन साडी घेऊन गेलं तर?

ती स्थानिक विक्री, मात्र बिलावर त्याचा महाराष्ट्रातला पत्ता लिहिला नसेल तर. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे: नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर असेल तर तो पत्ता धरायचा, नसेल तर दुकानदाराचं ठिकाण धरायचं. काउंटरवरच्या रोखीच्या बिलावर आपण पत्ता सहसा लिहीतच नाही. ऑनलाइन ऑर्डरीला पत्त्याशिवाय पार्सलच जात नाही, त्यामुळे तिथे ही पळवाट नाही.

पुण्याचा मुलगा पैसे भरतो आणि साडी खानापुरातल्या आईला पाठवायला सांगतो. हे कुठलं?

कर्नाटकातलं. बिलाचा पत्ता वेगळा आणि पोचवण्याचा पत्ता वेगळा असेल, आणि गिऱ्हाईक नोंदणी नसलेलं असेल, तर माल जिथे पोचला तो पत्ता धरायचा. जून २०२४ मध्ये यावर खुलासा करणारं परिपत्रकच निघालं. बिल करताना राज्याच्या रकान्यात कर्नाटक निवडा. दिवाळीत अशा ऑर्डरी ढिगानं येतात आणि दुकानात नवीन लागलेला पोरगा हमखास महाराष्ट्र निवडून ठेवतो.

हातानं बनवलेल्या वस्तूंना काही सूट आहे म्हणे?

आहे, आणि आपल्या भागात ती फारशी कुणी सांगत नाही. हस्तकलेच्या ठरावीक वस्तू परराज्यात विकणाऱ्याला, वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर, सक्तीच्या नोंदणीतून सूट मिळते. वस्तूंची यादी ठरलेली आहे. हातमागाची कापडं आणि चामड्याची पादत्राणं त्या यादीत आहेत. माल मुख्यतः हातानं केलेला हवा. थोडीफार यंत्राची मदत चालते. पॅन लागतं आणि अशा परराज्यातल्या मालाला रक्कम कितीही असली तरी ई-वे बिल (माल वाहून नेताना पोर्टलवर काढायचा कागद) काढावं लागतं. ५० हजारांच्या वरच ई-वे बिल, हा नेहमीचा नियम इथे लागू होत नाही.

म्हणजे अथणीचा कारागीर घरी शिवलेल्या चपला थेट कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला पाठवत असेल तर तो या सवलतीत बसू शकतो. (जाता जाता: कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन एकट्या कोल्हापूरचं नाही. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यातलाच एक. अथणीवाल्यांनी "कोल्हापुरी" म्हणून विकायला लाजायचं कारण नाही.) पण वडगाव-खासबागच्या पॉवरलूमची साडी हातमागाची होत नाही. गिऱ्हाइकाला सांगताना आपण थोडं इकडंतिकडं करतो, सरकारी कागदावर करू नका.

मोठ्या मार्केटप्लेसवरून विकणार असाल तर हा रस्ता बंद होतो. त्याचं असं:

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर विकायचं तर नंबर लागतोच का?

१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत लागायचाच. त्यानंतर छोट्यांसाठी एक दार किलकिलं केलं आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असेल, तुम्ही एकाच राज्यात असाल आणि परराज्यात अजिबात विकत नसाल, तर जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन फक्त एनरोलमेंट नंबर घ्यायचा. त्यावर मार्केटप्लेसला तुमचा माल राज्याच्या आतच विकता येतो.

कागदावर बरं दिसतं. आपल्या उपयोगाचं किती? मराठी नावाच्या साडीला, मराठी वर्णनाच्या मसाल्याला बिदर-मंगळूरहून किती गिऱ्हाईक येणार? माझ्या मते सीमाभागातल्या विक्रेत्यानं यात वेळ घालवू नये. पूर्ण नोंदणी करावी.

नोंदणी झाल्यावर मार्केटप्लेस तुमच्या निव्वळ विक्रीवर टीसीएस (तुमच्या नावानं आधीच कापून सरकारकडे भरलेला जीएसटी) कापतं. पूर्वी १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्का. हे पैसे बुडत नाहीत, पोर्टलवर ते स्वीकारले की तुमच्या कॅश लेजरमध्ये (कर भरायच्या पोर्टलवरच्या खात्यात) येतात. कितीतरी जण ते बटणच दाबत नाहीत आणि वर्षभर पैसे तिथे पडून राहतात. याशिवाय आयकराचा टीडीएस आहे. तो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. वैयक्तिक विक्रेत्यानं पॅन किंवा आधार दिलेलं असेल आणि त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर तोही कापत नाहीत.

कॉम्पोझिशन घेतलं तर १ टक्क्यात सुटतो ना?

कॉम्पोझिशन म्हणजे छोट्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर ती मिळत नाही. विषय संपला. फक्त बेळगाव, हुबळी, धारवाड करणाऱ्याला ती चांगली आहे: दीड कोटीपर्यंत उलाढाल, व्यापाऱ्याला आणि उत्पादकाला १ टक्का, तिमाहीला एक चलन, वर्षाला एक रिटर्न. पण गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवरचं क्रेडिटही (खरेदीत भरलेला कर वजा करून घेणं) नाही.

नंबर काढायला काय काय लागतं? किती खर्च येतो?

सरकारी फी शून्य. माझ्यासारखा जे घेतो ती त्याची मजुरी. पॅन, आधार, फोटो, जागेचा पुरावा, मोबाईल आणि ईमेल एवढं पुरतं. बँक खातं नंतर जोडता येतं: नंबर मिळाल्यापासून ३० दिवसांत किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील देणारं रिटर्न) भरण्याआधी, जे आधी येईल ते.

अर्ज अडतो तो जागेवर. स्वतःचीच चूक सांगतो. अगदी सुरुवातीला एका बाईंचा अर्ज भरला होता. घर सासऱ्यांचं. मी हेस्कॉमचं लाइटबिल जोडलं आणि सासऱ्यांचं संमतीपत्र जोडलं. बिल कानडीत, मी नीट वाचलंच नाही. मीटर होता आजेसासऱ्यांच्या नावावर, आणि ते जाऊन वीस वर्षं झालेली. संमती देणारा एक, बिल दुसऱ्याचं. हरकत आली. मग सासऱ्यांच्या नावची घरपट्टीची पावती जोडली आणि नंबर मिळाला. आपल्या जुन्या गल्ल्यांत किती मीटर गेलेल्या माणसांच्या नावावर चालतात, हे या धंद्यात आल्यावर कळलं. आता आधी बिलावरचं नाव वाचतो.

घर नात्यातल्या कुणाचं असेल तर त्यांचं साध्या कागदावरचं संमतीपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि मालकीचा एक कागद पुरे. एकच पुरे. घरपट्टी, लाइटबिल किंवा खाते-उतारा यांपैकी एक असेल तर दुसरा मागू नये, अशी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं १७ एप्रिल २०२५ ला आपल्या अधिकाऱ्यांना दिली आहे. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार आणि मालकाचा तसाच एक कागद.

आधार पडताळणी झाली की साधारण सात कामकाजाच्या दिवसांत नंबर येतो. काहींना बोटांचे ठसे द्यायला आणि मूळ कागद दाखवायला केंद्रावर बोलावतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्यांसाठी तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर देणारी सोपी नोंदणी सुरू झाली. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीवरचा तुमचा कर महिन्याला अडीच लाखांच्या वर जाणार नसेल तर ती घेता येते. घरगुती गिऱ्हाइकांना विकणारा यात सहज बसतो.

नंबर आला की पहिले दोन आकडे बघा. २९ म्हणजे कर्नाटक. पुढचे दहा तुमचं पॅन.

मग शिनोळीत खोली घेऊन महाराष्ट्राचा नंबर काढला तर परराज्याची भानगडच मिटली?

मिटत नाही, वाढते. महाराष्ट्रात खरंच जागा आणि माल असेल तर २७ नं सुरू होणारा वेगळा नंबर काढता येतो, पण बेळगावच्या गोदामातून शिनोळीच्या खोलीत स्वतःचाच माल हलवला तरी कायदा ती दोन वेगळ्या व्यक्तींमधली विक्री धरतो. कर लावून बिल करावं लागतं. दोन नंबर, दोन रिटर्न. आणि उलाढालीची मर्यादा एका पॅनवर देशभराची मिळून मोजतात, त्यामुळे तिथंही काही सुटत नाही. विक्री बरीच वाढेपर्यंत हा नाद नको.

बिल कसं करायचं? सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी यांत गोंधळ होतो.

एक साडी घेऊ. किंमत १,८०० रुपये, कुरिअर ६० रुपये. कुरिअर वेगळं लिहिलं तरी ते साडीबरोबरच जातं, त्यालाही साडीचाच दर. म्हणजे करपात्र रक्कम १,८६०, दर ५ टक्के, कर ९३ रुपये, एकूण १,९५३.

ही साडी कोल्हापूरला गेली तर बिलावर एकच ओळ: आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर) ९३. हुबळीला गेली तर दोन ओळी: सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ४६.५० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ४६.५०. गिऱ्हाइकाला फरक शून्य. पण तुम्ही उलटं भरलं तर चुकीच्या खात्यात पैसे जातात, बरोबर खात्यात पुन्हा भरावे लागतात आणि आधीचे परत मागत बसावं लागतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले आहेत. आता मुख्यतः ५ आणि १८ टक्के. शिवलेले कपडे नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८. पादत्राणंही जोडीला २,५०० पर्यंत ५ टक्के. मिठाई आणि लोणची ५ टक्क्यांत. गुळाची गंमत आहे: सुटा गूळ विकला तर कर नाही, वजन-किंमत छापलेल्या पाकिटात घातला की ५ टक्के.

नंबर नसताना बिलात जीएसटी लावणं हा गुन्हा आहे. "नंबर यायचाय, पण आधीपासून लावतो," असं करू नका.

रिटर्न किती?

उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर तिमाही पद्धत घ्या. तिमाही संपल्यावर १३ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि कर्नाटकवाल्यांना २२ तारखेपर्यंत ३बी (कर भरायचं रिटर्न). तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनानं भरायचा.

विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचं. हे वाक्य मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, तरी विसरतात. उशिराला दिवसाला ५० रुपये, शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये आणि एका शून्य रिटर्नला जास्तीत जास्त ५००. गणपतीत माल विकून झाला, पुढे दुकान थंड, रिटर्न बंद, नंबर रद्द झाल्याची नोटीस वाचायला माणूस संक्रांतीनंतर येतो.

कुंदा, चटण्या, लाडू विकायचे आहेत. जीएसटीशिवाय काय?

एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. घरच्या स्वयंपाकघरातून विकलं तरी लागतेच. छोट्यांना बेसिक नोंदणी, वर्षाला १०० रुपये फी, अर्ज त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर. २०११ च्या नियमावलीत ही नोंदणी १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला होती, त्यापुढे लायसन्स. अर्ज करताना पोर्टलवरची चालू मर्यादा बघून घ्या. मिळणारा १४ आकडी नंबर लेबलावर छापायचा. महाराष्ट्रात विकायला तिथली वेगळी एफएसएसएआय नोंदणी लागत नाही.

लेबलाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि पहिली तक्रार तिथूनच येते. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, शाकाहाराची हिरवी खूण, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी फोन. कुंदा कुरिअरनं पाठवायचा तर दोन दिवसांत पोचेल का, याचा विचार आधी करा. खव्याचा पदार्थ मे महिन्यात पेटीत तीन दिवस राहिला तर लेबलावर काहीही छापलेलं असो, गिऱ्हाईक फोटोच पाठवतं.

खाण्याचं असो वा नसो, पाकीटबंद माल स्वतः पॅक करून विकत असाल तर वजनमाप खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी करावी लागते. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत, फी ५०० रुपये. वेबसाइटवरही एमआरपी, वजन, बनवणाऱ्याचं नाव आणि मूळ देश दिसायला हवा.

शॉप ॲक्ट आणि ट्रेड लायसन्स?

इथे महाराष्ट्राचे व्हिडिओ बंद करा. आपल्याला कर्नाटकाचा १९६१ चा दुकानं आणि व्यापारी आस्थापना कायदा लागतो. धंदा सुरू केल्यापासून ३० दिवसांत कामगार खात्याकडे ऑनलाइन अर्ज, प्रमाणपत्र पाच वर्षांचं. बँकेत चालू खातं उघडायला हा कागद चांगला कामाला येतो.

ट्रेड लायसन्स शहरात महानगरपालिकेचं, येळ्ळूर-उचगावसारख्या गावात ग्रामपंचायतीचं. घरच्या एका खोलीतून साड्या पाठवणाऱ्यापेक्षा गोदाम, कामगार, यंत्रं किंवा खाद्यपदार्थ असलेल्याला याची गरज आधी पडते.

पी.टी. म्हणजे व्यवसाय कर राज्याचा, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. धंदा करणाऱ्यानं स्वतःची एनरोलमेंट घ्यायची आणि ३० एप्रिलपर्यंत भरायचं. जीएसटी नंबर निघाला की इकडची आठवण देणारं पत्र आज ना उद्या येतंच.

दारावर पाटी लावायची आहे. मराठीत चालेल?

कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कानडी हवं आणि ते वरच्या अर्ध्यात हवं. २०२४ च्या दुरुस्तीनंतरचा हा नियम आहे. उरलेल्या जागेत मराठी लिहा. या विषयावर बेळगावात प्रत्येकाचं मत आहे, माझंही आहे, पण हा परवान्याचा कागद आहे म्हणून नियम तेवढा सांगितला. वेबसाइट, इन्स्टाचं पान आणि पार्सलमधली चिठ्ठी तुम्ही मराठीत ठेवू शकता.

उद्यमसाठी एकानं २,९०० रुपये मागितले. द्यायचे का?

नाही. उद्यम नोंदणी (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) १ जुलै २०२० पासून आहे आणि पूर्ण फुकट आहे. आधार, पॅन आणि पंधरा मिनिटं. माझ्या मावसबहिणीनं गुगलवर पहिली आलेली साइट उघडली, अशोकचक्रासारखं चित्र बघून विश्वास ठेवला आणि पैसे भरले. आलेलं प्रमाणपत्र खरं होतं, कारण त्यांनी खऱ्या पोर्टलवर तेच फुकट काढून दिलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असेल तरच पुढे जा.

उद्यमचा एक थेट फायदा: भागीदारी किंवा कंपनीच्या नावानं दुकानाचं नाव ट्रेडमार्क करायचं तर ऑनलाइन फी एका वर्गाला ९,००० ऐवजी ४,५००. (एकट्या व्यक्तीच्या नावानं अर्ज केला तर उद्यम नसतानाही ४,५००च.)

यूपीआयनं पैसे घेतले की नोटीस येते, म्हणून रोखच बरं का?

ही भीती जुलै २०२५ नंतरची. राज्याच्या वाणिज्य कर खात्यानं २०२१-२२ पासूनचे यूपीआयचे आकडे काढून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. हावेरीतल्या एका भाजीवाल्याला चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या व्यवहारावर २९ लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीला करच नाही, तरीही. दुकानांवर "यूपीआय नाही, रोख द्या" च्या पाट्या लागल्या. शेवटी मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतली आणि जुनी वसुली करणार नाही, पण नोंदणी करा, असं सांगितलं.

ऑनलाइन दुकानाला रोखीवर जाताच येत नाही. उपाय साधा आहे: धंद्याचं खातं वेगळं आणि घरचं वेगळं. भिशीचे पैसे, भावानं पाठवलेले पैसे आणि साडीचे पैसे एकाच क्यूआरवर घेतले की मशीनला सगळं विक्रीच दिसतं. मग कुठली एंट्री कशाची, हे चार वर्षांनी आठवून सांगावं लागतं.

इन्कम टॅक्स?

जीएसटी विक्रीवर, इन्कम टॅक्स नफ्यावर. उलाढाल २ कोटींच्या आत (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींच्या आत) असेल तर अंदाजित नफ्याची योजना घेता येते, जुन्या कायद्यात जिला ४४एडी म्हणायचे. बँकेतून आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा दाखवायचा. २० लाखांची सगळी विक्री ऑनलाइन असेल तर किमान १ लाख २० हजार. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवा. घरासाठी कर्ज काढायच्या वेळी तेच कामाला येतं. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पण रिटर्न भरायला विसरू नका.

स्वतःच्या वेबसाइटवर काय लिहिणं बंधनकारक आहे?

धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, फोन, ईमेल, परत घेण्याचे आणि पैसे परत करण्याचे नियम, आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा. एकट्याचं दुकान असेल तर तक्रार अधिकारी म्हणून स्वतःचंच नाव टाका.

दुकान चाललं नाही. नंबर तसाच सोडून दिला तर?

सोडून देऊ नका. पोर्टलवर रद्द करण्याचा अर्ज करा, त्यात उरलेला माल दाखवा. त्या मालावर आधी घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं, किंवा त्यावर होणारा विक्रीचा कर, यांपैकी जास्त ते. रद्द झाल्याचा आदेश हातात आला की बहुतेकांना वाटतं सुटलो. त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरायचं असतं. ते राहिलं की पुन्हा नोटीस येते, आणि तोवर जुना ईमेल बंद झालेला असतो.